पाच वड्या, चार टाचण्या

माझ्या पायाला भिंगरी आहे, असं घरात सगळेच म्हणायचे. आई जळगावकडची, ती आपल्या अहिराणीत म्हणायची, "तुन्हा पाय एकजागे ठरतस नई." खोटं नव्हतं. जेवायला बसलो तरी माझा गुडघा हलत असायचा आणि शेजारचा पाण्याचा तांब्या थरथरायचा. वडील बँकेच्या नोकरीपायी सुरतेला आले आणि रुळले. संध्याकाळी तापीच्या काठाने एक फेरी मारून आलं की त्यांचा दिवस भरायचा. माझा भरत नव्हता. सत्ताविसावं सरलं तरी मी त्याच शहरात, त्याच रिंगरोडवर, आणि काम काय, तर साड्यांचे फोटो.

सुरतेत कॅमेरा हातात धरला की कापड बाजार काही सुटत नाही. व्यापारी डझनांनी साड्या पाठवायचे, मुली त्या नेसून उभ्या राहायच्या, मी फोटो काढायचो आणि ते साडीच्या खोक्यावर चिकटायचे. साडीच्या फोटोची सगळी जादू मागच्या बाजूला असते. समोरून पदराच्या घड्या इतक्या सरळ दिसतात की आत्ताच इस्त्रीखालून आल्या असं वाटावं. पाठीमागे मात्र टाचण्यांची रांग. मी टाचण्या शर्टाच्या बाहीत खोचून ठेवायचो आणि काम संपलं की मोजून घ्यायचो. मोजायची सवय एका मुलीच्या पायात टाचणी घुसली तेव्हापासून लागली. त्या दिवशी व्यापारी माझ्यावर खूप ओरडला होता, आणि तेही साडीला रक्ताचा डाग पडला म्हणून.

प्लेगचं वर्ष सरलं, शहर झाडूनपुसून लख्ख झालं, लोक पुन्हा बाहेर जेवायला लागले आणि हॉटेलवाल्यांना रंगीत मेनूकार्डाची हौस आली. मी लगेच उडी मारली. साडीला विटलो होतो हे एक कारण. दुसरं असं की मुंबईतल्या एका जाहिरातीच्या स्टुडिओने मला कळवलं होतं, खाण्याच्या पदार्थांच्या चांगल्या स्लाइड्स घेऊन ये, मग बघू. झालं, मी लुनाला कॅमेऱ्याची पिशवी बांधली आणि गावभर हिंडायला लागलो.

हिंडणं मला मानवलं. सकाळी लोचोवाल्याकडे जायचो. लोचो म्हणजे वाफेवरचं, आकार न धरणारं मऊ बेसन. बशीत पडलं की पसरतं. मी म्हणायचो, जरा उंच रचा. तो म्हणायचा, "रचायचं असेल तर विटा आण." पलसाण्याला हायवेवरच्या एका हॉटेलात तंदूरवाला दर फोटोत नवा शर्ट घालून रोटीच्या मागे येऊन उभा राहायचा, त्याला गावी बायकोला फोटो पाठवायचा होता. शेवटी मी त्याचा एकट्याचा काढून दिला तेव्हा कुठे रोटी मोकळी झाली. बारडोलीला अळूवड्या, म्हणजे तिकडचे पातरे, तळणारे एक आजोबा होते. ते मला बजावायचे, आधी खा, मग फोटो काढ, नाहीतर काय काढतोयस ते तुला कळायचं नाही. मी म्हणायचो, वेळ नाही. खरंच नसायचा. एक पदार्थ टिपला की दुसऱ्याकडे पळायचं. ज्याचा फोटो काढला ते मी खाल्लं, असं क्वचित झालं असेल.

मुंबईसाठी सुट्या पदार्थांच्या सात-आठ बऱ्या स्लाइड्स जमल्या. पण एक भरलेली थाळी हवी होती. तेवढ्यात स्टेशनकडच्या एका थाळीच्या हॉटेलातून बोलावणं आलं. मालक, म्हणजे शेठ, जैन. कांदा, लसूण, बटाटा काही नाही. गिऱ्हाईक बहुतेक कापड बाजारातलं. मला वाटलं होतं मालक खूश केला की काम झालं. तिथे गेल्यावर कळलं की खूश करायचे ते महाराजांना.

महाराज म्हणजे तिथले आचारी. साठीला आलेले, बारीक अंगाचे, कानावर पांढरे केस. शेठच्या लग्नाआधीपासून ते त्या घरात रांधत होते. पुढे घराच्या तळमजल्यावर हॉटेल निघालं, तेव्हा महाराज वरच्या मजल्यावरून खाली आले, एवढाच काय तो त्यांच्या आयुष्यातला प्रवास. रांधताना चव घ्यायचे नाहीत. वाफेवर कळतं, म्हणायचे. मी पहिल्या दिवशी पिशवीतून ब्रश आणि पदार्थाला चकाकी आणायची ग्लिसरीनची बाटली काढली तर त्यांनी ती बाटली उचलून वास घेतला आणि माझ्या हातात परत दिली. मागे एका फोटोग्राफरने म्हणे त्यांच्या भाजीवर केसांचा स्प्रे मारला होता. त्याला त्यांनी दाराबाहेर काढलं होतं.

"खावानी चीज पर खावानी चीज ज," ते म्हणाले. खाण्याच्या वस्तूवर खाण्याचीच वस्तू. "बीजुं कंई नहीं."

मी गळ्याशपथ म्हटलं, काही नाही लावणार. तेव्हा ते खरंही होतं.

हॉटेलच्या वर शेठचं घर, आणि घरात शेठच्या आई. सगळे त्यांना बा म्हणायचे. बांचं वर्षभराचं व्रत चालू होतं: एक दिवस नुसतं उकळलेलं पाणी, दुसऱ्या दिवशी एकदाच जेवण. तेही दिवस मावळायच्या आत आणि एकाच बैठकीत. जेवताना बोलायचं नाही, ताटात काही टाकायचं नाही, शेवटी ताट धुऊन ते पाणीसुद्धा प्यायचं. मधेच पाटावरून उठल्या तर जेवण तिथेच संपलं, मग परवापर्यंत अन्न नाही. नववा महिना होता. बांचं ताट महाराज दुसऱ्या कोणाला करू देत नसत. हे सगळं त्यांनीच मला सांगितलं, खांडवीसाठी ताक आधी वेगळं तापवून घेताना. बांना कच्च्या ताकात डाळीचं पीठ चालत नव्हतं. मी ऐकत होतो असं नाही. मी खिडकीतला उजेड बघत होतो आणि माझा पाय हलत होता.

थंडीचे दिवस, उजेड लवकर उतरायचा. दुपारची पंगत आटोपल्यावर तीनला आम्ही टेबल मांडलं. दोन हॅलोजन, एक थर्मोकोलची पाटी, कॅमेऱ्याची तिवई. थाळीत सुरती पापडीची भाजी, डाळ, कढी, भात, फुलके, मोहनथाळ, आणि समोर, सगळ्यांत पुढे, खांडवी. आपली सुरळीची वडी. महाराजांची खांडवी बघण्यासारखी होती. पितळी थाळीच्या पाठीवर पीठ असं पसरायचे की खालचा पितळेचा रंग दिसावा, आणि मग दोन बोटांनी गुंडाळायचे. एकेक वडी बोटाएवढी, एका मापाची.

घोडं अडलं ते तिथेच. मला त्या वड्या उभ्या हव्या होत्या, एकीला एक टेकलेल्या, पाच. आडव्या ठेवल्या तर फोटोत नुसते पिवळे ठिपके दिसत होते. उभ्या केल्या की हॅलोजनच्या धगीने कड सुकायची, सुटायची आणि वडी उलगडायची. दोनदा झालं, तीनदा झालं. महाराजांनी न कुरकुरता दर वेळी ताज्या पाच आणून दिल्या. चौथ्यांदा ते नवे फुलके लाटायला माझ्याकडे पाठ करून वळले, आणि माझा हात बाहीकडे गेला, साड्यांच्या कामातल्या पाच टाचण्या अजून तिथेच होत्या. ठरवून केलं असं म्हणण्यात अर्थ नाही. पदराची घडी सुटली की हात जातो तसा गेला. पाच वड्या, पाच टाचण्या, मागून, तिरप्या. समोरून काही दिसत नव्हतं. मी भराभर फोटो घेतले.

महाराज फुलके घेऊन आले आणि मी त्यांना कॅमेऱ्यातून बघायला सांगितलं. ते वाकले, एक डोळा मिटला, बराच वेळ बघत राहिले. "आवी रूपाळी थाळी तो में कोई दी नथी जोई," म्हणाले. इतकी देखणी थाळी कधी पाहिली नाही. आयुष्यभर थाळ्या वाढलेला माणूस असं म्हणतो म्हटल्यावर मी हवेतच गेलो. ते हात धुवायला गेले तेवढ्यात मी टाचण्या उपसून बाहीत खोचल्या, रोल गुंडाळला, दिवे विझवले आणि वायरी आवरत तिवई लुनाला बांधायला बाहेर गेलो. डोक्यात मुंबई होती.

बाहेर सवयीने बाही चाचपली. चार.

पुन्हा मोजल्या. चारच. आत येऊन टेबल बघितलं, टेबलाखाली बघितलं, गुडघ्यावर बसून फरशीवरून हात फिरवला. थाळी टेबलावर नव्हती. मला वाटलं, आत ओट्यावर असेल. वाढप्याला विचारलं, तर तो म्हणाला, "थाळी तो बाने मोकली." महाराजांनीच ती वर बांना पाठवली होती. इतकी देखणी थाळी, आज बांना हीच.

आता इथे मी धावलो असं मला लिहिता आलं असतं. मी धावलो नाही. मी आधी पिशवीत बघितलं, रोलच्या डबीत बघितलं. मग स्वतःला समजावलं की टाचणी बाहेर रस्त्यात पडली असेल. मग जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. खाली महाराज गुणगुणत ओटा पुसत होते. सांगितलं तर ते काय म्हणतील हे मला माहीत होतं. शेठ काय म्हणतील तेही. ही थाळी हातची जाईल, रोल मागून घेतील, मुंबई बोंबलली. आणि मध्येच बांना थांबवलं आणि त्या उठल्या, तर काल उपाशी, आज उपाशी, उद्या उपाशी. न सांगावं तर टाचणी. एरवी क्षणभर न टिकणारा माझा पाय पहिल्या पायरीवर चिकटून बसला होता. पाचावर धारण बसणं म्हणतात ते मला तिथे कळलं.

चढलो एकदाचा. दार उघडंच होतं. मधल्या खोलीत पश्चिमेच्या खिडकीशी पाटावर बा बसल्या होत्या. पांढरं नेसू, चष्मा, हाडं दिसणारे हात. समोर चौरंगावर माझी थाळी. खांडवीच्या तीन वड्या उरल्या होत्या. सूनबाई गरम पाणी आणायला आत गेल्या असाव्यात, भांड्याचा आवाज येत होता. बांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा जेवायला लागल्या. सावकाश, एकेक घास चावून. मी उंबऱ्याशी उभा. त्यांनी फुलक्याचा तुकडा खाल्ला, मी त्यांच्या गळ्याकडे बघत होतो. भाजीचा घास खाल्ला. मग हात खांडवीकडे गेला, एक वडी उचलली, तोंडात गेली. मी हिशेब करत होतो की गेल्या दोन वड्यांत काही झालं नाही, हीतही नसेल. आजही हे आठवलं की माझी मला किळस येते.

त्यांनी पुढच्या वडीला हात घातला तेव्हा मी बोललो. मराठी, गुजराती, काय आलं ते. "बा, थांबा. उठू नका, पण थांबा. त्यात टाचणी आहे. मी लावली. महाराजांना माहीत नाही."

बा थांबल्या. त्यांचा डावा हात मांडीवर होता, मुठीत. त्यांनी तो पुढे केला आणि उघडला. तळहातावर टाचणी होती.

आतून पावलं वाजली तशी मूठ मिटली. सूनबाई पाणी ठेवून, माझ्याकडे नवलाने बघून परत गेल्या. बांनी त्यांना नुसती मान हलवून काही नाही म्हणून खुणावलं. आणि मग त्या जेवल्या. उरलेल्या दोन वड्या, भात, कढी, मोहनथाळाचा चुरासुद्धा. थाळीत पाणी ओतलं, बोटांनी चारी बाजू फिरवून धुतली आणि ते पाणी पिऊन टाकलं. मी तिथेच उभा होतो. जा म्हणाल्या नव्हत्या, आणि मला स्वतःहून जायची हिंमत नव्हती. बाहेर ऊन भिंतीवर वर सरकलं होतं.

तोंड धुतल्यावर त्या बोलल्या. आवाज बारीक होता. "मने पहेला कोळियामां ज मळी." पहिल्याच घासात सापडली होती. दाताला लागली, काढून मुठीत धरली. मौन नसतं तरी सांगितलं नसतं, म्हणाल्या. मुलाला कळलं असतं तर त्याने महाराजांना त्याच पावली घरी पाठवलं असतं. तो तापट आहे, आणि ताट महाराजांनी वाढलेलं. मग त्यांनी मला विचारलं, मी कधी वर आलो. मी म्हटलं, आत्ताच.

"तुं बारणे ऊभो हतो त्यारे में त्रण कोळिया खाधा," बा म्हणाल्या. तू दारात उभा होतास तेव्हा मी तीन घास खाल्ले.

रागावल्या नव्हत्या. मोजलेलं सांगितलं, इतकंच. मला रडू आलं, सत्तावीस वर्षांच्या घोड्याला. त्यांनी टाचणी माझ्या हातावर ठेवली. "महाराजने तुं कहेजे, दीकरा. हुं नहीं कहुं." महाराजांना मीच सांगायचं होतं, त्या सांगणार नव्हत्या.

खाली आलो तेव्हा महाराज रात्रीची डाळ निवडत होते. मला बघून हसले. "बाए जम्युं?" बा जेवल्या का? त्यांना ती थाळी कशी वाटली हे ऐकायचं होतं. मी सांगितलं. एका दमात सांगितलं, टाचणी पुढे करून. त्यांनी विचारलं, कशात? खांडवीत. किती? पाच. बांना सापडली? हो. मग पुढे जेवल्या? सगळं जेवल्या.

महाराजांनी टाचणीला हात लावला नाही. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, थाळी फेकून मारली असती तरी चाललं असतं. ते पुन्हा डाळीकडे वळले. खडे बघता बघता म्हणाले, "फोटो सारो आवशे." टोमणा नव्हता तो. त्यांच्या आवाजात काहीच नव्हतं.

फोटो चांगलाच आला. मुंबईहून स्लाइड्स धुऊन आल्या आणि मी भिंगाखाली बघितलं तर ती थाळी बाकीच्यांना मागे टाकत होती. शेठना काही कळलं नाही, ते खूश. स्टुडिओवाल्यांचंही पत्र आलं, ये. आईने शेंगदाण्याचे लाडू बांधायला घेतले. महिनाभर मी त्या हॉटेलच्या रस्त्याने गेलो नाही. छापखाना उधन्याला, लांबचा रस्ता धरून जायचो.

मेनूकार्डं छापून आली तेव्हा मात्र पोचवायला जावं लागलं. साडेचार-पाचची वेळ. पुन्हा उगाच थांबायला नको म्हणून मी गठ्ठा गल्ल्यावर ठेवून सटकणार होतो, पण शेठ देवळात गेले होते आणि सही त्यांचीच हवी होती. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. ओट्यापाशी महाराज उभे होते, समोर एक थाळी. ती बांची, हे मी ओळखलं.

ते खांडवीची एक वडी उचलत, दोन बोटांत धरून दाबत, चिरडत आणि तो चुरा अंगठ्याने पुन्हा चाचपून वाटीत टाकत होते. मग दुसरी. फुलक्याचे आधीच तुकडे केलेले होते. मोहनथाळाची वडी फोडलेली होती. भातातूनही बोटं फिरवली असावीत, तो विसकटला होता. ज्यांच्या वड्या एका मापाच्या असायच्या, ते महाराज स्वतःच्या हाताने त्यांचा भुगा करत होते.

मी आत गेलो. "महाराज," मी म्हटलं, "आज इथे फोटो नाही. टाचणी नाही. तुम्हीच केलंय सगळं."

त्यांनी वर बघितलं नाही. "खबर छे, भाई," म्हणाले. "हाथ मानतो नथी."

माहीत आहे, पण हात ऐकत नाही. मी उभा राहिलो. तिसरी वडी, चौथी, पाचवी. त्यांना घाई नव्हती. मग त्यांनी वाटीतला भुगा चमच्याने सारखा केला, वर खोबरं आणि कोथिंबीर घातली, आणि थाळी वर पाठवली.